नऊ टप्प्यांचं पाणी

एका जंगलात नळ आले. कुठलं जंगल ते विचारू नका बाळांनो, तुम्हाला भूगोलात मार्क तरी कुठे पडतात. एवढंच लक्षात ठेवा, की त्याआधी तिथली जनावरं ओढ्याला तोंड लावून पाणी प्यायची आणि आपण मागासलेले आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं. नळ आल्यावर कळलं.

नळ आणले धोंडोजी गव्याने. तो तिथला सरपंच. अंगाने आडवा, बोलायला सावकाश, आणि एकदा बसला की उठायचा नाही, मग सतरंजी असो की खुर्ची. त्याने टेकडीवर टाकी बांधली, टाकीपासून प्रत्येक बिळापर्यंत पाइप नेला, नारळ फोडला आणि पहिला पेला स्वतः प्यायला. टाकीतला प्यायला हं. नळाचा नाही.

पाइपाच्या अगदी शेवटच्या टोकाला सगुणाबाई साळिंदरचं बीळ होतं. तिच्याकडे सकाळी सातला पाणी यायचं आणि साडेसातला जायचं. पहिली दहा मिनिटं त्याला वास यायचा. कसला ते सांगत नाही, तुमची जेवणं व्हायची आहेत. सगुणाबाई तेवढं पाणी सोडून द्यायची आणि मग हंड्याच्या तोंडाला फडकं बांधून गाळून भरायची.

तरी तिची चिमी दर पंधरा दिवसांनी पडायची. आधी पोट दुखायचं, मग सारखं झाडीत पळावं लागायचं, मग तीन दिवस पोर अंथरुणावर. साळिंदराच्या पोरीचे काटे कसे ताठ हवेत. चिमीचे कुशीवर वळलं तरी गळायचे. सगुणाबाई सकाळी ते वेचायची आणि कुणाला दिसू नयेत म्हणून पदराआड घेऊन जायची. तिला भीती वाटायची. तीन पिलांतलं तिला हे एकच उरलं होतं.

शेजारी मोरेवहिनी राहायच्या. जातीने लांडोर. पिसारा नवऱ्याचा, पण मिरवायच्या त्या.

"सगुणाबाई, तुम्ही अजून नळाचं पिता? तसंच?" त्यांनी एक दिवस विचारलं.

"मग कुठलं पिऊ?"

"आमच्याकडे सात टप्प्यांचं आहे."

सगुणाबाईला वाटलं, वहिनी जिन्याबद्दल बोलतायत. पण वहिनींनी तिला आत नेलं. भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी एक पांढरं यंत्र होतं. त्यात निळा दिवा होता. देवापुढे मात्र दिवा नव्हता, तेल महाग झालं होतं.

"हे आधी गाळतं," वहिनी म्हणाल्या. "मग परत गाळतं. मग पाण्यातली खनिजं काढून टाकतं. आणि मग खनिजं घालतं."

"काढलेलीच?"

"छे, चांगली."

"मग आधीची वाईट होती का?"

"ते साहेबांना विचारा. साहेब फार हुशार आहेत."

साहेब म्हणजे खंड्या. निळा कोट, लांब चोच, गळ्यात पांढरा टाय. घराणं पाण्याच्या धंद्यातलंच. बापजादे ओढ्यात मासे मारायचे. याच्या लक्षात आलं की मासे कधीतरी संपतात, भीती संपत नाही. तो दुसऱ्याच दिवशी सगुणाबाईच्या दारात आला. त्याने तिच्या हंड्यात पेनासारखं काहीतरी बुडवलं आणि वर धरून बघितलं.

"चारशे ऐंशी," तो हळूच म्हणाला. घरात कुणी गेल्यावर बोलतात तसा आवाज काढला होता.

"म्हणजे काय हो?"

"म्हणजे चारशे ऐंशी."

"चांगलं की वाईट?"

"ताई, मुलीचं वजन किती?"

"चार किलो."

"मग बघा आता तुम्हीच."

काय बघायचं ते सगुणाबाईला कळेना. पण चारापेक्षा चारशे ऐंशी फार जास्त होतात, एवढं कळत होतं. मग खंड्याने पेला भरून पाणी घेतलं, त्यात दोन लोखंडी कांड्या सोडल्या आणि बटण दाबलं. पाणी बुडबुडलं, पिवळं झालं, मग तांबडं, मग काळपट, आणि वर घाणेरडा फेस आला.

आता बाळांनो, त्या कांड्या झिजत होत्या. पाण्यात वीज सोडून लोखंड विरघळवलं तर गाळ दिसणारच. हे तुम्हाला शाळेत शिकवतात आणि तुम्ही परीक्षेनंतर विसरता. सगुणाबाई तर शाळेत गेलीच नव्हती. तिच्या अंगावर काटा आला. साळिंदराच्या अंगावर काटा येतो म्हणजे काय होतं, ते तिच्या घरातल्या उशांना विचारा.

"हे माझ्या पोरीच्या पोटात जातं?" तिने विचारलं.

"रोज," खंड्या म्हणाला.

पोरीचं पोट नक्की कशाने दुखतं, हे त्याने विचारलं नाही. पाण्याला वास येतो, तो पहिली दहा मिनिटंच येतो, हे सगुणाबाई आपणहून सांगायला गेली, तेव्हा तो वॉरंटीचा कागद भरत होता.

थंडीसाठी साठवलेले कंद गेले आणि पाच टप्प्यांचं यंत्र आलं. पाण्याची चव बदलली. खंड्याने पेन बुडवलं तर आकडा नव्वदवर. सगुणाबाईने देवापुढे गूळ ठेवला. पंधराव्या दिवशी चिमी पडली.

"साहजिक आहे," खंड्या म्हणाला. "हे पाच टप्पे कचऱ्याचे. जंतूंचा टप्पा वेगळा असतो. त्याला दिवा लागतो."

"हे आधी नाही सांगितलंत ते?"

"आधी तुम्ही जंतूंचं विचारलं नव्हतं."

मग दिव्याचं यंत्र आलं. दिवा पेटला की जंतू मरतात, हे काही खोटं नव्हतं. पण त्या जंगलात पाणी यायच्या वेळी वीज जायची. पाणीखातं आणि वीजखातं एकमेकांशी बोलत नसत, जुनं भांडण होतं. सातला पाणी आलं की सातलाच दिवा विझायचा आणि पाणी अंधारातून वाट काढत हंड्यात पडायचं. चिमी पुन्हा पडली.

तिसऱ्यांदा सगुणाबाईने आपली नथ दिली आणि नऊ टप्प्यांचं यंत्र घेतलं. हे यंत्र चांगलं होतं. खोटं कशाला बोलू, मला काय खंड्याशी वैर आहे? त्यातलं पाणी खरंच स्वच्छ होतं. फक्त ते थोडं यायचं. चार हंडे आत घातले की एक हंडा भरायचा, तीन मोरीला जायचे. आणि सगुणाबाईच्या नळाला रोज येतच मुळी तीन हंडे होते.

त्यामुळे यंत्र थेंब थेंब ठिबकायचं आणि सगुणाबाई समोर बसून बघायची. एका दुपारी चिमी खेळून आली. घसा कोरडा पडला होता. यंत्राखालच्या भांड्यात दोन पेले पाणी होतं. तिने ते बघितलं, झाकण परत ठेवलं, आणि धुण्याच्या बादलीतलं पाणी ओंजळीने प्याली.

या वेळी तिसरा दिवस गेला, पाचवा गेला, पोर उठेना. काही मागेना. सगुणाबाई उशाशी बसून होती.

"आई, यंत्रातलं मी नाही संपवलं," चिमी म्हणाली. "ते तुला ठेवलं."

सगुणाबाईला रडू फुटलं. ती बाहेर जाऊन रडली, कारण आत रडली असती तर पोर घाबरली असती.

यंत्रावर तांबडा दिवा लागला होता. दाब कमी आहे, असा त्याचा अर्थ. म्हणून तिने पंचायतीच्या नळवाल्याला बोलावलं. रखमाजी त्याचं नाव. जातीने घूस. सगळा जन्म जमिनीखाली गेलेला, त्यामुळे वरच्या जगात कसं बोलावं हे त्याला फारसं जमत नसे. त्याने यंत्राकडे बघितलंही नाही. नळापाशी जमिनीला कान लावला. मग पाइपाच्या रेषेने चालत गेला, मोठ्या नाल्यापर्यंत. गावभरची घाण त्या नाल्यातून वाहायची. तिथे पुन्हा कान लावला आणि परत आला.

"वहिनी," तो म्हणाला, "कुठंतरी पाणी मुरतंय."

सगुणाबाईने मान डोलावली. मराठीत वाढलेली बाई ती, तिला काय फोड करून सांगायला हवं?

"मला संशय होताच, भाऊजी. कोण आहे? खंड्या की सरपंच?"

"कोण नाही, कुठं. नाल्याखाली, सांध्यात."

"साटंलोटं म्हणायचंय का तुम्हाला?"

"सांधा म्हणायचंय. पाइपाचा सांधा. तो फुटलाय."

सगुणाबाईच्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. पण तेवढ्यात घोटाळा झाला होता. भिंतीपलीकडे मोरेवहिनी होत्या. त्यांनी पहिलं वाक्य ऐकलं आणि पुढचं ऐकायला त्या थांबल्या नाहीत. चहाच्या वेळेपर्यंत जंगलभर झालं, की पंचायतीत पाणी मुरतंय आणि हे खुद्द आतला माणूस सांगतोय.

सरपंचाने सभा बोलावली.

"रखमाजी, माझ्यावर आरोप करतोस?"

"आरोप कशाला करू साहेब. पाणी मुरतंय एवढंच म्हणालो."

"बघा, परत म्हणाला," सरपंच म्हणाला. सभेत कुजबुज झाली.

रखमाजीने समजावायचा प्रयत्न केला. पाणी सुरू असतं तेव्हा ते सांध्यातून बाहेर गळतं. बंद झालं की पाइप रिकामा होतो, मग नाल्याचं पाणी त्याच भेगेतून आत शिरतं. सकाळी पहिलं जे येतं ते हेच. घाण आत बसलीय, ती काढली पाहिजे.

"घाण म्हणजे कोण, ते नाव घेऊन सांग," मागून कुणीतरी ओरडलं.

"नाव कसलं? घाण म्हणजे घाण."

"आता शब्द फिरवतोय," मोरेवहिनी शेजारणीला म्हणाल्या.

मग तिथल्या तिथेच चौकशी समिती नेमली. अध्यक्ष खवलेसाहेब, म्हणजे खवले मांजर. आख्ख्या जंगलात त्यांच्यासारखी नखं कुणाची नाहीत. मनात आणतील तर घटकाभरात माणूसभर खड्डा खणतील. त्यांनी त्या नखांत पेन धरलं आणि बसल्या बैठकीला अठ्ठावीस पानी अहवाल लिहिला. अहवालात म्हटलं होतं, की ज्याचं नावच घूस त्याने दुसऱ्याच्या चारित्र्यावर बोलू नये. ठराव एकमताने झाला. 'या जंगलात पाणी कुठेही मुरत नाही.' जमिनीखालून हालचाली केल्याबद्दल रखमाजीला निलंबित केलं. खंड्याने पंचायत कचेरीला अकरा टप्प्यांचं यंत्र भेट दिलं आणि टाळ्या वाजल्या.

सगुणाबाई सभेत मागे उभी होती. नाल्यापाशी जरा खणा, एवढं एकच मागणं घेऊन ती आली होती. तिने दोनदा हात वर केला. महिलांचे प्रश्न पुढच्या सभेत, असं तिला सांगण्यात आलं. घरी चिमी सहाव्या दिवशीही पडून होती. पुढच्या सभेपर्यंत पोर राहील का, हे कुणाला विचारायचं?

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर ती स्वतःच रखमाजीला घेऊन नाल्यावर गेली. साळिंदराला खणायला कुणी शिकवावं लागत नाही. तिने पदर खोचला आणि खणलं. दोन हात खाली सांधा लागला. त्याला बोटभर भेग होती आणि भेगेत काळा रेंदा भरला होता. रखमाजीने तो खरवडून काढला, रबराची पट्टी गुंडाळली, वर लोखंडी पकड आवळली.

"झालं?" सगुणाबाईने विचारलं.

"झालं."

"यात टप्पे किती?"

"काय?"

"काही नाही हो. सवय लागलीय."

पहिल्या पाण्याने पाइप धुऊन निघाला. दुसऱ्या दिवसापासून वास गेला. तीन हंड्यांचे सहा हंडे झाले. चौथ्या दिवशी चिमीने अर्धी भाकरी खाल्ली आणि आठव्या दिवशी ती अंगणात धावली. सगुणाबाई नुसती बघत उभी राहिली. इतकं सुख तिला कधी झालं नव्हतं. त्या ओळीतली सगळीच पोरं बरी झाली. घरोघरी लोकांनी आपापल्या यंत्राला हळदकुंकू वाहिलं. मोरेवहिनींनी तर सातावर चार टप्पे वाढवून घेतले.

नवव्या दिवशी सरपंच दारात आला. बरोबर खवलेसाहेब, बगलेत फाइल.

"सगुणाबाई, तुम्ही विनापरवानगी नाल्याकाठचा सार्वजनिक रस्ता खणलात."

"सांधा फुटला होता, साहेब. पाणी पिऊन तर बघा आता."

"पाण्याचा विषय संपलाय. त्यावर ठराव झालाय," सरपंच म्हणाला. "विषय रस्त्याचा आहे. रस्ता जैसे थे करण्यात येईल."

बाळांनो, 'जैसे थे' हा सरकारी शब्द आहे. होतं तसं करा, असा त्याचा अर्थ. सरकारी माणूस बाकी कशात चुकेल, या शब्दात चुकत नाही. खवलेसाहेब माणसं घेऊन नाल्यावर गेले. खड्डा बुजवायच्या आधी त्यांनी आत वाकून बघितलं. सांध्यावर पट्टी होती, पकड होती. पूर्वी नव्हती. जुन्या नकाशात तर मुळीच नव्हती. त्यांनी दोन्ही काढून घेतल्या, पंचनामा केला, मुद्देमाल कपाटात ठेवला आणि वर माती लोटून रस्ता चोपला. फाइलवर लिहिलं, 'जैसे थे केले.'

तिसऱ्या दिवशी वास आला.

सगुणाबाई रखमाजीकडे गेली. तो निलंबित होता, त्यामुळे घरीच सापडला.

"आता काय करू, भाऊजी? परत खणलं तर नळ तोडतील म्हणतात."

"मग उकळा, वहिनी. खळखळ उकळू द्या, झाका, निवलं की द्या. नाल्याची घाण आहे, जंतू मरतील."

"इतकं सोपं होतं तर पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही मला यंत्राच्या दाबाचं विचारलंत," रखमाजी म्हणाला. "आणि सोपं सांगितलं असतं तर ऐकलं असतंत का?"

सगुणाबाईने विचार केला. नसतं ऐकलं. त्या दिवसापासून तिच्या दारी तीन दगडांवर हंडा चढला. येणारे-जाणारे धूर बघून हळहळायचे. बिचारी, यंत्र बिघडलेलं दिसतंय. सगुणाबाईने यंत्रावर मिठा-मिरचीच्या बरण्या ठेवल्या. चिमी मात्र परत पडली नाही. तिच्या पाठीवर नवे काटे आले, चांगले ताठ.

महिन्याभराने दुपारच्या वेळी मोरेवहिनी आल्या. डोळे रडून सुजलेले. पदराखाली तांब्या.

"सगुणाबाई, आमचा धाकटा पाच दिवस झाले मान वर करत नाही," त्या म्हणाल्या. "साहेब म्हणतात, बारावा टप्पा बसवू. तो तालुक्याहून यायचाय. तुमची चिमी टुणटुणीत दिसते. तुमच्याकडचं पाणी द्या मला. पाया पडते."

पाच दिवस म्हणजे काय, ते सगुणाबाईला कुणी सांगायला नको होतं. मनात बोलायचं बरंच होतं. पण तिने तांब्या घेतला, निवलेल्या हंड्यातून काठोकाठ भरला आणि वहिनींच्या हातात दिला.

"देव तुमचं भलं करो," वहिनी म्हणाल्या. दारापर्यंत जाऊन वळल्या. "यंत्र कुठलं घेतलंत?"

"यंत्र नाही वहिनी. उकळते."

"उकळून मग कशातून काढता?"

"कशातून नाही. उकळते, झाकते, निवलं की देते."

"म्हणजे एकच टप्पा?"

"एकच."

मोरेवहिनींनी तांब्यातल्या पाण्याकडे बघितलं. मग चुलीवरल्या काळ्या हंड्याकडे बघितलं. तांब्या हळूच खाली ठेवला.

"नको सगुणाबाई," त्या म्हणाल्या. "राग मानू नका हं. एरवी घेतलं असतं. पण पोर आजारी आहे. आत्ता असला धोका नाही पत्करता येत."

सगुणाबाई तांब्या उचलून त्यांच्या मागे धावली. दूरवर धावली. पण वहिनी बारावा टप्पा कधी येतो ते विचारायला निघाल्या होत्या आणि त्यांना फार घाई होती.

तात्पर्य : तहान लागल्यावर विहीर खणू नये, असं मोठी माणसं सांगतात ते खरंच आहे. खणायला परवानगी लागते. यंत्राला नुसता प्लग लागतो.